त्याला सांग, इन्सुलिन संपलंय

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय 53. तालुक्याच्या गावात वडिलांनी सुरू केलेलं औषधाचं दुकान आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. अकरा वर्षं रोज पहाटे साडेपाचला योगवर्गाला जातो, गेली तीन वर्षं शिकवतोही. योगशिक्षक पदविका केली, पतंजलींच्या योगसूत्रांच्या पेपरात वर्गात पहिला आलो.

अडचण अशी, की साडेसातला वर्गातून निघतो तेव्हा मन अगदी शांत असतं. नऊला शटर वर जातं आणि साडेनऊच्या आत कुणावर तरी ओरडलेलो असतो. अर्धी स्ट्रिप मागणाऱ्या गिऱ्हाइकावर, नाही तर कामाच्या मुलावर. भावाशी आठ महिने बोलणं नाही. त्यानं गल्ल्यातून न सांगता पैसे उचलले, एकदा नाही, तीनदा. मी चार गिऱ्हाइकांसमोर बोललो, पण जे बोललो ते खरंच होतं. मग ठरवलं, वाद नको, उपेक्षा करायची. पतंजलींनीच सांगितलंय. आता एकाच काउंटरच्या दोन टोकांना बसतो आणि काही हवं-नको असेल तर मुलामार्फत कळवतो, 'त्याला सांग, इन्सुलिन संपलंय' असं. पुराच्या वेळी रात्री-अपरात्री औषधं पोचवली म्हणून गणपतीत मंडळानं भावाचा सत्कार केला. मी गेलो नाही. वाद टाळला.

आई 79 वर्षांची आहे. महिनाभर खाली भावाकडे, महिनाभर वर आमच्याकडे. जेवताना रोज विचारते, "तो जेवला का?" बायको म्हणते, तुम्ही शवासनातसुद्धा हिशोब करत असता. ते खोटं नाही. सहा महिन्यांपूर्वी बीपीची गोळीही सुरू झाली.

योगातली शांती दुकानापर्यंत टिकवायची कशी? आणि माझ्यासारख्या माणसानं शिकवावं का?

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला त्या कामाच्या मुलाची दया आली. या टोकाकडून 'त्याला सांग, इन्सुलिन संपलंय', त्या टोकाकडून 'त्यांना सांग, मागवलंय'. मधलं अंतर किती असेल? आठ फूट? पोरगं पगार घेतं फळीवरची औषधं काढायचा आणि काम करतं टपाल्याचं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या येरझाऱ्यांतच आहे. पण तिथे पोचायला जरा वळसा घ्यावा लागेल.

आधी ते 'टिकवायची कशी'. तुम्ही शांती दुधासारखी धरताय. साडेसातला छान तापवली, नऊपर्यंत नासली. मग माणूस काय करतो, तर आणखी तापवतो. अर्धा तास वाढवतो, कपालभातीची आवर्तनं वाढवतो, एखादं शिबिर गाठतो. मी हे सगळं करून चुकले आहे. तुम्ही पेपरात पहिले आलात, म्हणजे साधनपादातलं (योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातलं) चौथं सूत्र लिहिलं असणारच. अविद्या हे शेत आणि त्यात उगवणारे बाकीचे क्लेश, म्हणजे राग-द्वेषासारखे मनाचे विकार, चार अवस्थांत असतात: प्रसुप्त (झोपलेले), तनु (क्षीण), विच्छिन्न आणि उदार (पूर्ण जागे). परीक्षेत आपण चारही व्याख्या लिहून मोकळे होतो. यातली तिसरी तुमची आहे.

विच्छिन्न म्हणजे मधेच तुटलेला, तात्पुरता दिसेनासा झालेला. व्यासभाष्यातला, म्हणजे सूत्रांवरच्या जुन्या टीकेतला, दाखला मला आवडतो, कारण तो अगदी संसारी आहे. चैत्र नावाचा माणूस एका स्त्रीवर अनुरक्त आहे, म्हणून इतर स्त्रियांच्या बाबतीत तो विरक्त झाला असं होत नाही. आत्ता ओढ इथे वर आलेली आहे, उद्या तिथे येईल. त्याच ओघात भाष्यकार म्हणतात, राग चालू असताना क्रोध दिसत नाही. (संस्कृतातला राग म्हणजे आसक्ती, ओढ. मराठीत आपण त्याचा पार कायापालट केला, तो का, ते पुन्हा कधीतरी.) आता पहाटेच्या हॉलकडे बघा. तिथे गल्ला नाही. भाऊ नाही. अर्धी स्ट्रिप मागणारं कुणी नाही. उलट 'सर, माझा पाय बरोबर आहे का' असं विचारणारी पंधरा-वीस माणसं आहेत. तिथे क्रोध यावा कशासाठी? तो गेलेला नाही, थांबलेला आहे. नऊ वाजता शटर वर जातं तेव्हा काही नासत नाही, सकाळी दिसत नव्हतं ते दिसायला लागतं, एवढंच.

सकाळ खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. पाठ सुटते, श्वास लांब होतो, अकरा वर्षं पहाटे उठणं ही काही लहान गोष्ट नाही. पण आपलं मन कुठवर आलं हे तिथे मोजू नका. आणि 195 सूत्रांच्या (काही पाठांत 196) त्या ग्रंथात आसनावर तीनच सूत्रं आहेत, हे तुम्ही विद्यार्थ्यांना सांगत असालच. उरलेली बहुतेक मनाबद्दल आहेत, आणि आपली मनं गल्ल्याजवळ उघडी पडतात.

आता मुख्य गोष्ट. पत्रातलं एक वाक्य मला खटकलं: "मग ठरवलं, वाद नको, उपेक्षा करायची. पतंजलींनीच सांगितलंय."

सांगितलंय खरं. समाधिपादातलं, म्हणजे पहिल्या भागातलं, 33वं सूत्र. सुखी असेल त्याच्याशी मैत्री, दुःखी असेल त्याच्याविषयी करुणा, पुण्य दिसेल तिथे मुदिता म्हणजे आनंद, अपुण्य दिसेल तिथे उपेक्षा. अशा भावनेनं चित्त प्रसन्न होतं. घरगुती वापरासाठी याहून उपयोगी सूत्र मला ठाऊक नाही. पण तुम्ही त्या चौघींतली शेवटची एकटीच घरी आणलीत आणि तिला आठ महिने ठेवून घेतलंत. त्यातही एक बारकी गोष्ट आहे, अभ्यासक्रमात ती सहसा येत नाही. पुढे विभूतिपादात 'मैत्र्यादिषु बलानि' असं सूत्र आहे: मैत्री वगैरेंवर संयम (म्हणजे इथे एकाग्र ध्यान) केला की त्यांची बळं मिळतात. तिथे भाष्यकार मैत्री, करुणा, मुदिता या तिघींची बळं सांगतात आणि चौथीपाशी थांबतात. म्हणतात, पापशील माणसाबद्दलची उपेक्षा ही भावनाच नव्हे, म्हणून तिच्यावर समाधी नाही आणि तिच्यातून बळही नाही. म्हणजे उपेक्षा ही जोपासायची गोष्टच नाही. ती फक्त हात मागे घेणं आहे. समोर काही वाईट दिसलं, त्यात गुंतलो नाही, पुढे गेलो, संपलं. तुम्ही मात्र तिला रोज सकाळी नऊला शटर उघडून पाणी घालताय. रोज पाणी घालावं लागतं ते रोप द्वेषाचं असतं. 'दुःखानुशयी द्वेषः' ही त्याची सूत्रातली व्याख्या. दुःखाच्या पाठोपाठ येतो आणि त्याच्याच कुशीत पडून राहतो.

उपेक्षा आणि द्वेष वेगळे ओळखायचे कसे? बाहेरून ते सारखेच दिसतात. दोन्हींत माणूस गप्प असतो. माझी परीक्षा साधी आहे. त्या माणसाचं काही चांगलं झाल्याचं कानावर आलं की आत काय होतं ते बघायचं. उपेक्षा असेल तर काही होत नाही, किंवा बरं वाटतं. द्वेष असेल तर टोचतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. सासूबाई गेल्यावर चांदीच्या एका तबकावरून माझा आणि मोठ्या जाऊबाईंचा दोन वर्षं अबोला होता. मीही त्याला छान नाव दिलं होतं, 'मी त्यातून बाहेर पडले आहे'. त्याच काळात मंगळवारच्या वर्गात मैत्री-करुणा शिकवत होते, आणि बरी शिकवत होते. मग एका दुपारी कळलं, की त्यांच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला. माझ्या पोटात बारीकशी कळ आली. जिचे कान टोचताना तिला मांडीवर घेऊन बसले होते त्या पोरीला प्रवेश मिळाला आणि मला टोचलं! त्या दिवशी मला माझी उपेक्षा कळली. तबक अजून त्यांच्याकडेच आहे.

तुमच्या बाबतीत ही परीक्षा गणपतीत झाली. भावाचा सत्कार होता. पुराच्या पाण्यातून रात्री औषधं पोचवणं हे कुठल्याही हिशोबानं पुण्यच. सूत्राप्रमाणे तिथे मुदिता यायला हवी होती. निदान मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या तरी. 'मी गेलो नाही. वाद टाळला,' असं तुम्ही लिहिता. सत्काराला कसला वाद होणार होता?

भाष्यकार या सूत्रात चार प्रकारची माणसं धरतात, सुखी, दुःखी, पुण्यवान आणि पापी. मला वाटतं, सूत्रात 'विषय' हा शब्द आहे तो आपण धरून ठेवावा. घरातलं कुठलंही माणूस एकाच खणात मावत नाही. तुमचा भाऊ गल्ल्यातून पैसे उचलतो तेव्हा अपुण्य, पुरात औषधं घेऊन जातो तेव्हा पुण्य, सत्काराची शाल पांघरून घरी येतो तेव्हा सुख. आणि दुःख? त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. त्यानं किती रक्कम उचलली ते तुम्ही लिहिलं नाहीत. कशासाठी उचलली तेही नाही. माझा संशय असा, की तुम्ही विचारलेलंच नाही. तीन वेळा न सांगता पैसे उचलणारा माणूस लोभी असू शकतो. अडचणीत असू शकतो. किंवा 'दुकान माझंही आहे, सांगायचं काय' असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असेल. तिघांशी तीन वेगळ्या तऱ्हांनी वागावं लागतं. यातला तो कोण हे बोलल्याशिवाय कळणार नाही, आणि आठ महिने तुम्ही बोलणंच बंद ठेवलंय.

'जे बोललो ते खरंच होतं' याबद्दल थोडक्यात. यमांतल्या, म्हणजे अहिंसा, सत्य वगैरे वागण्याच्या नियमांतल्या, सत्यावर लिहिताना व्यासभाष्य फार काटेकोर आहे. वाणी सर्व भूतांच्या भल्यासाठी वापरायची, त्यांच्या घातासाठी नाही. बोललेलं खरं असूनही त्यानं घातच होत असेल तर ते सत्य नव्हे, पुण्याचा आभास आहे, आणि त्यातून माणूस अंधारात जातो, इतक्या कडक शब्दांत. पैसे गेले हे खरं. ते चार गिऱ्हाइकांना ऐकवायची गरज काय होती? तेच वाक्य शटर खाली ओढल्यावर, दोघंच असताना बोलला असतात तर कदाचित तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं. तालुक्याच्या गावात ती चार गिऱ्हाइकं संध्याकाळपर्यंत चाळीस होतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं!

मात्र पैशांचा प्रश्न खरा आहे आणि तो ध्यानानं सुटणार नाही. योगाच्या नावावर लोक व्यवहाराकडे डोळेझाक करतात तेव्हा मला राग येतो, मराठीतला. वडिलांच्या काळापासून चालत आलेल्या दुकानांत बहुधा हेच झालेलं असतं. कुणी किती उचल घ्यायची हे कधी ठरलेलंच नसतं, कारण वडील असताना ठरवायची गरज नव्हती. दुकान भागीदारीत असेल तर 1932चा भागीदारी कायदा दोन-तीन गोष्टी सरळ सांगतो. प्रत्येक भागीदाराला हिशोबाच्या वह्या पाहायचा हक्क आहे. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर नफा समान वाटायचा आणि दुकानात राबल्याबद्दल वेगळा पगार नाही. तेव्हा तुमच्या सीएंकडे दोघांनी एकत्र जा. दरमहा दोघांची उचल किती ते ठरवा, कागदावर आणा. रात्री गल्ला दोघांनी मोजायचा आणि वहीवर दोघांनी सही करायची. हे अविश्वासाचं लक्षण नाही. उलट असं ठरलेलं असलं की माणसाला रोजच्या रोज भावावर पाळत ठेवावी लागत नाही. शवासनातले निम्मे हिशोब इथेच मिटतील. तोवर शवासन वाढवण्यात अर्थ नाही.

आता साधना म्हणाल, तर एक देते. ती तुमच्याच धंद्यातली आहे.

वितर्क, म्हणजे हिंसेसारखे यमांच्या उलटे विचार, छळू लागले की प्रतिपक्षभावना, म्हणजे विरुद्ध बाजूचं चिंतन, करावी, असं साधनपादातलं 33वं सूत्र सांगतं. हल्ली बहुतेक ठिकाणी याचा अर्थ सांगतात, की वाईट विचार आला की त्याच्या जागी चांगला विचार ठेवा. राग आला की प्रेमाचा विचार करा. तुम्हीही असंच शिकवत असाल तर पुढचंच सूत्र पुन्हा वाचा. प्रतिपक्षभावना म्हणजे काय हे पतंजली स्वतः तिथे सांगतात, आणि त्यात प्रेमाबिमाचं नाव नाही. तिथे सरळ हिशोब आहे. हिंसा वगैरे तीन तऱ्हांची: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, दुसऱ्यानं केल्यावर मान डोलावलेली. ती तीन कारणांनी होते: लोभ, क्रोध, मोह. आणि तीन मापांची: मृदू, मध्यम, तीव्र. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक 27. भाष्यकार त्याही पुढे पोटभेद करत 81पर्यंत जातात. या सगळ्यांचं फळ न संपणारं दुःख आणि अज्ञान, हे डोळ्यांसमोर आणणं म्हणजे प्रतिपक्षभावना. सोडलेलं पुन्हा धरणारा माणूस ओकलेलं चाटणाऱ्या कुत्र्यासारखा, असंही भाष्यात आहे. व्यासांची जीभ अशा वेळी मऊ नसते.

उधारीची असते तशी एक वही घ्या. रात्री शटर ओढलं की एक ओळ लिहायची, फार तर दोन. चार रकाने. कुणावर? स्वतः, करवून की मान डोलावून? लोभ, क्रोध की मोह? मृदू, मध्यम की तीव्र? बाकी काही लिहायचं नाही. पश्चात्ताप नाही, 'उद्यापासून' नाही, मनःस्थितीचं वर्णन नाही. तुमच्याच पत्रावरून काही नोंदी करून दाखवते. अर्धी स्ट्रिप मागणारं गिऱ्हाईक: स्वतः, उरलेल्या गोळ्या पडून राहतील म्हणून, म्हणजे लोभ, मृदू. कामाच्या मुलाला भावाकडे तुटक निरोप घेऊन पाठवणं: करवून, क्रोध, मध्यम. हो, ते पोरगं तुमची 'कारित' हिंसा दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे नेतंय. गिऱ्हाईक भावाबद्दल काहीतरी वाकडं बोललं आणि तुम्ही बिलावरून मान वर न करता 'हं' म्हणालात: अनुमोदित. असं झालं असेलच. गावातली गिऱ्हाइकं अशी संधी सोडत नाहीत.

आणि आठ महिन्यांची उपेक्षा कुठल्या रकान्यात? क्रोधाच्या, असं तुम्ही चटकन म्हणाल. भाष्य पाहा. क्रोधातून होणारी हिंसा म्हणजे 'यानं माझं वाईट केलं' या विचारानं केलेली. आणि मोहातून होणारी म्हणजे 'यातून मला धर्म घडेल' या समजुतीनं केलेली. सुरुवात क्रोधातून झाली असेल, पण ज्या दिवशी तुम्ही अबोल्यावर सूत्राचा शिक्का मारलात त्या दिवशी ती नोंद रकाना बदलून मोहात गेली. तिघांत हा सगळ्यात चिवट, कारण क्रोध निदान ओळखू तरी येतो.

वही आषाढीला सुरू करून कार्तिकीपर्यंत चालवा. मुहूर्ताला थांबायचं नसेल तर उद्यापासून मोजून चार महिने. अभ्यास कसा करावा यासाठी सूत्रात 'दीर्घकाल, नैरंतर्य, सत्कार' असे शब्द आहेत, त्यांतला मधला, म्हणजे खंड न पडणं, महत्त्वाचा. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी आठवून भरू नका, कोरी सोडा. एक्स्पायरीचा माल तारीख बदलून विकत नाही आपण. महिनाअखेरीस पानं नुसती चाळा. मला खात्री आहे, की एखाद्याच रकान्यात गर्दी झालेली दिसेल, आणि तो रकाना तुम्हाला वाटतो तो नसेल. माझ्या वहीत लोभाचा रकाना भरलेला निघाला होता. मी स्वतःला तापट समजत होते!

ओरडण्याच्या ऐन क्षणासाठी म्हणाल तर प्राणाचं सूत्र आहे, श्वास बाहेर टाकणं आणि रोखणं. बीपी असताना तुम्ही रोखण्याच्या भानगडीत पडू नका. गिऱ्हाईक 'अर्धीच द्या' म्हणालं की उत्तर देण्याआधी श्वास सावकाश पूर्ण बाहेर जाऊ द्या, बस. जमलं तर जमलं. समाधिपादाच्या त्या भागातल्या बहुतेक सूत्रांना पतंजलींनी 'वा' लावून ठेवलाय, हे किंवा ते, आणि शेवटी 'ज्याला जे आवडेल त्याच्या ध्यानानं'. इतका सैल सोडणारा शास्त्रकार विरळा. आणि हो, शीर्षासन अजून चालू आहे का? गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांना शीर्षासन आणि कुंभकाबद्दल, म्हणजे श्वास रोखण्याबद्दल, विचारलंत का? रोज दुसऱ्यांना 'डॉक्टरांना विचारून घ्या' सांगणारे तुम्ही, म्हणून विचारते.

शिकवावं का? शिकवा. विकार संपलेल्यांनीच शिकवायचं ठरवलं तर गावोगावचे वर्ग बंद करावे लागतील. पण वही चालू असेपर्यंत यमनियमांवर बोलू नका. आसनं घ्या, श्वसन घ्या. कुणी उपेक्षेचा अर्थ विचारला तर सांगा, की मी सध्या तेच शिकतोय. आणि वर्ग सुटल्यावर 'सर, सर' करत थांबणाऱ्या मंडळींत दहा मिनिटं जातात ना, ती जरा कमी करा. त्या वेळात घरी जाऊन बायकोच्या हातचा चहा बसून प्या. तुमच्याकडे शवासनातला हिशोब ओळखणारी माणूस घरात आहे. मला तर इतकी वर्षं शिकवूनही समोर निजलेल्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही. त्यांना वही दाखवा असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी उद्या पुन्हा टोकलं तर 'हो, करत होतो' असं म्हणून बघा.

मन पळतं याचं फार मनावर घेऊ नका. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो: माकडाला कधी समाधी लागेल का, थांब म्हटल्यावर वादळ थांबेल का? भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. मन तसंच आहे, हे कबूल करतात. मग त्याच मनाची एक चांगली खोड सांगतात: त्याला एकदा एखाद्या ठिकाणची गोडी कळली, की ते तिथे सोकावतं. तर गोडी दाखवत जावं. तुमच्या मनाला गेले आठ महिने आपण बरोबर असल्याची गोडी लागलीय. ती काही कमी गोड नसते. दुसरी गोडी दाखवल्याशिवाय ते तिथून हलणार नाही, आणि ती पहाटेच्या हॉलमध्ये मिळायची नाही.

म्हणून पहिलं पाऊल एवढंच. क्षमा मागू नका. अजून ती मनात नाही, मग ती खोटी होईल. पैशांचा विषय काढू नका, तो सीएंच्या टेबलावर काढायचा आहे. सोमवारी दुकान उघडा. फ्रिजमधलं काहीतरी संपलेलं असेलच. मुलाला हाक मारायला तोंड उघडाल, तेव्हा त्याला फळीवरची औषधं लावू द्या आणि आठ फूट पलीकडे बघून तुम्हीच सांगा, "इन्सुलिन संपलंय रे."

तो दचकेल. बहुधा उत्तर मुलाकडेच बघून देईल. देऊ दे. मंगळवारी पुन्हा सांगा. आणि मला पुढचं पत्र लिहिलंत, तर बाकी काही नाही, आई हल्ली जेवताना काय विचारतात तेवढं कळवा.